पहिली माहितीफीत : चादर कारखान्यातलं चित्रीकरण बिघडलं, सामग्रीत नेमकं काय चुकलं?

कंबर तलाव

नमस्कार मंडळी. आम्ही कॉलेजातले चौघे मिळून सोलापुरी चादरीवर छोटी माहितीफीत करतोय. पहिलाच प्रयत्न. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात जेकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या) मागांवर चित्रीकरण झालं. मालकांनी मनापासून मदत केली आणि एक वयस्कर कारागीर तासभर बोलले. त्यांचं बोलणं इतकं चांगलं आहे की ते वाया गेलं तर फार वाईट वाटेल.

घरी येऊन बघितलं तर पुढच्या अडचणी निघाल्या :

कारागिरांच्या कॉलरला लावलेल्या माइकचा आवाज जवळजवळ आलेलाच नाही, नुसती भुणभुण आहे. शेडमधल्या सगळ्या दृश्यांत वरून खाली काळसर पट्टे सरकताना दिसतात. मुलाखत चालू असताना कॅमेरा दोनदा आपोआप थांबला आणि त्यातली एक फाइल आता उघडतच नाही. शेजारी स्टँडवर मोबाइल लावला होता. त्यात आवाज आहे, पण तो कॅमेऱ्याच्या चित्राला जोडला की सुरुवातीला जुळतो आणि शेवटी ओठ पुढे, आवाज मागे असं होतं.

कॅमेरा एका नातेवाइकांचा आहे, मिररलेस. माइक ऑनलाइन घेतलेला, स्वस्तातला. दुसरा कॅमेरा घ्यायला हवा का? थोडेफार पैसे जमले आहेत. जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा आणि नंदीध्वजांची (उंच मानाच्या काठ्यांची) मिरवणूकही टिपायची आहे, म्हणून आत्ताच विचारतोय.

पार्क चौक

कॅमेरा बदलू नका. त्याचा यातल्या एकाही गोष्टीशी संबंध नाही. लग्नाच्या शूटिंगमध्ये बरीच वर्षं काढली म्हणून खात्रीने सांगतो.

पट्ट्यांचं आधी सांगतो, कारण ते माझ्या कामाचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट त्या विजेवर सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेरा चित्र वरून खाली एकेक ओळ करत वाचतो. शटरचा वेळ त्या चढउताराशी जुळला नाही की काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधारात. तेच तुमचे पट्टे. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे पट्टे जातील. बरेच कॅमेरे ३० चित्रं आणि १/६० वर लावलेले असतात, ते ६० हर्ट्झच्या देशांसाठी. मेनूत एनटीएससी आणि पाल असा पर्याय असेल तर पाल करा. मोबाइलमध्येही ५० हर्ट्झचं सेटिंग शोधा.

स्वयंचलित शटरवर अजिबात राहू नका. शेडच्या दारातून ऊन आलं की कॅमेरा शटर १/५०० वर नेऊन ठेवतो आणि पट्टे परत येतात. तिथे आयएसओ खाली आणा, लेन्सचं छिद्र लहान करा, तरीही जास्त होत असेल तर एनडी फिल्टर (लेन्ससमोरची काळी काच) लावा. शटर तेवढं हलवू नका.

एक अपवाद. स्वस्त एलईडी दिवे त्यांच्या आतल्या सर्किटप्रमाणे वेगळ्याच गतीने लुकलुकतात, तिथे १/५० लाही पट्टे दिसू शकतात. मग स्क्रीनकडे बघत शटर एकेक पायरी बदलायचं आणि पट्टे थांबतील तिथे ठेवायचं. याला दोन मिनिटं लागतात आणि ती रेकॉर्ड सुरू करण्याआधीच द्यावी लागतात.

मागाची दृश्यं पुन्हा घ्या. माग रोज चालतात. मुलाखतीचं मात्र जे हातात आहे ते वाचवा.

कानसेन

आवाजावर जरा सविस्तर लिहितो, कारण पहिल्या फिल्मला बहुतेकदा तिथेच मार बसतो. चित्र थोडं हललं, थोडं काळं आलं तरी माणूस बघत राहतो. बोलणं कळलं नाही की दोन मिनिटांत उठतो.

आधी तुमच्या माइकची पिन हातात घेऊन बघा. धातूच्या दांड्यावर काळ्या कड्या किती आहेत? तीन असतील तर तो माइक मोबाइलसाठी केलेला आहे. कॅमेऱ्याच्या माइक-सॉकेटला दोन कड्यांची पिन लागते. तीन कड्यांच्या पिनेत माइकची तार सगळ्यात मागच्या भागाला जोडलेली असते आणि कॅमेऱ्याच्या सॉकेटमध्ये नेमका तोच भाग अर्थिंगचा असतो. म्हणजे कारागिरांचा आवाज थेट अर्थिंगला गेला आणि उरली भुणभुण. माइक खराब नाही, कॅमेराही खराब नाही. तीन कड्यांवरून दोन कड्यांवर नेणारं छोटं ॲडाप्टर मिळतं, तेवढं लावलं की झालं.

तारेवर मध्येच एखादी छोटी डबी आहे का तेही बघा. काही माइकमध्ये तिच्यात बटणासारखा सेल असतो आणि सरकवायची कळ असते, एका बाजूला मोबाइल, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. कळ चुकीच्या बाजूला राहिली तरी आवाज जातो. कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवून तसाच पिशवीत टाकला तर सेल उतरतो.

आता तुम्ही विचारलं नाही ते. हेडफोन लावले होते का कुणी? कॅमेऱ्याला हेडफोनची जागा नसेल तर सुरुवातीचं अर्धं मिनिट रेकॉर्ड करून तिथल्या तिथे परत ऐकायचं. स्क्रीनवर आवाजाची पट्टी हलताना दिसली म्हणून समाधान मानू नका. मागाच्या खडखडाटानेही ती हलते.

पातळी हाताने ठेवा. स्वयंचलित ठेवली तर माणूस श्वास घ्यायला थांबला की कॅमेरा आपणहून आवाज वाढवतो आणि त्या फटीत कारखान्याचा गोंगाट उसळतो. साधं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचेल असं ठेवा. शून्याला टेकलं की फाटलं, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलाखत चालू मागाशेजारी घेऊच नका. यंत्रमागाचा गोंगाट इतका असतो की तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्यांची ऐकण्याची शक्ती कमी होते. तिथे माणसं कानाशी तोंड नेऊन किंवा हातवारे करून बोलतात. कुठलाही माइक त्यातून बोलणं वेगळं काढू शकत नाही. गोदामात बसवा, चादरींच्या थप्प्यांमध्ये. जाड कापड प्रतिध्वनी खातं, तुमच्याकडे फुकटचा स्टुडिओ आहे. मागाचा आवाज नंतर वेगळा घ्या, तीन-चार मिनिटं सलग, कुणीही न बोलता, आणि संपादनात बोलण्याखाली हळू ठेवा.

उडता पतंग

माझं मत थोडं वेगळं आहे. पैसे जमलेत तर ड्रोन घ्या की. गड्ड्याची मिरवणूक वरून काय दिसेल! कॅमेरा स्थिर धरणारं एक गिंबलही घ्या, मागांमधल्या बोळातून चालत शॉट काढला तर लोक बघत राहतील.

धोटा

पतंगभाऊ, त्या बोळातून चालत शॉट काढू नका, हात जोडून सांगतो. आमच्या घरचे माग आहेत, लहानपण शेडमध्येच गेलंय. दोन मागांमधली जागा अंगापुरती असते. एका बाजूला पट्टा फिरतो, दुसऱ्या बाजूला धोटा (आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा) मारला जातो. धोटा कधी कधी मागातून बाहेर उडतो आणि लागला तर डोळा जातो. स्क्रीनमध्ये बघत चालणाऱ्या माणसाला ते दिसत नाही. ओढणी, लोंबणारी वायर, गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा, सगळं आवरून आत जायचं. ट्रायपॉडचे पाय पसरून बोळ अडवायचा नाही. मागाच्या टोकाला, मोकळ्या वाटेत उभं राहून झूम करा.

शेडमध्ये लेन्स बदलू नका. हवेत कापसाचे बारीक तंतू सतत असतात. एक तंतू सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक दृश्यात त्याच जागी काळा डाग. बदलायचीच असेल तर बाहेर, ऑफिसात. काम संपल्यावर कॅमेरा आधी हवा मारायच्या रबरी फुग्याने झटका आणि मगच पिशवीत ठेवा, तोंडाने फुंकर मारू नका.

चार्जर मागाच्या बोर्डाला लावू नका, मोटारी चालू-बंद होताना विजेचा दाब वरखाली होतो. ऑफिसातल्या साध्या प्लगला लावा, तेही विचारून.

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट. कारागिराला मजुरी बहुतेक ठिकाणी कामावर मिळते, जितकं विणलं तितके पैसे. तुमचा माइक चालेना म्हणून तुम्ही त्याला अर्धा तास बसवून ठेवलंत तर ते नुकसान त्याच्या खिशातून जातं आणि तो बोलून दाखवणार नाही. म्हणून सामग्री घरी तपासून या, इथे तपासू नका. पुन्हा बोलवायचं असेल तर पाळी सुटल्यावर बोलवा, नाहीतर त्याचा तेवढा रोज द्या.

आणि कंबर तलाव, ते आजोबा कुठल्या भाषेत बोलले? आमच्याकडचे बरेच जुने कारागीर घरी तेलुगू बोलतात. मराठीत विचारलं तर मराठीत थोडक्यात उत्तर देतात, तेलुगूत बोलू दिलं तर मनातलं सांगतात.

कंबर तलाव

पिन बघितली. तीन कड्या आहेत. तारेवर डबी नाही. कानसेन, तुम्ही म्हणता तेच कारण.

धोटा, ते सुरुवातीला मराठीत बोलले, नंतर तेलुगूत गेले. आमच्यातल्या एकीच्या घरी तेलुगू बोलतात म्हणून पुढचे प्रश्न तिनेच विचारले. मुलाखत मागांपासून लांब, जिन्याखाली झाली होती. मोबाइल हातभर अंतरावर होता, त्यामुळे त्यातलं बोलणं कळतं. मजुरीचं तुम्ही म्हणालात ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांना भेटून विचारतो.

कॅमेरा का थांबला ते मात्र अजून कळलं नाही. कार्डावर ६४ जीबी लिहिलंय आणि गोलात १० आहे. ४के मध्ये घेत होतो, कॅमेऱ्यात १०० एमबीपीएस दाखवतो.

डेटावाला

मग कॅमेरा का थांबला याचं उत्तर तुम्हीच दिलंत. हिशोब करून बघा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. ८ ने भागा, १२.५ मेगाबाइट. गोलातला १० म्हणजे कार्ड सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहिण्याची हमी देतं. एरवी ते जास्तही लिहीत असेल, पण जिथे १० वर घसरलं तिथे कॅमेऱ्याचा साठा तुंबतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. कार्डावर यू३ किंवा व्ही३० असं लिहिलेलं घ्या, दोन्हीचा अर्थ किमान ३० मेगाबाइट. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुतेकदा वाचण्याचा वेग असतो, त्याच्यावर जाऊ नका.

याच वेगाने तासाला ४५ जीबी लागतात. तुमच्या ६४ च्या कार्डात सव्वा तासाच्या थोडं पुढे. तुमची माहितीफीत लोक मोबाइलवर बघणार आहेत, साध्या फुल एचडीत ५० एमबीपीएसने घेतली असती तर जागा निम्मी लागली असती आणि हे जुनं कार्डही पुरलं असतं.

तरी एक खात्री करून घ्या. थांबलेल्या फाइलची लांबी बघा. बरोबर २९ मिनिटं ५९ सेकंद असेल तर ती कॅमेऱ्यातलीच मर्यादा आहे, अनेक जुन्या मॉडेलांत असते. वेडीवाकडी कुठेही तुटली असेल तर कार्ड. तापल्याची खूण स्क्रीनवर आली होती का, तेही आठवा. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेला ४० च्या पुढच्या उन्हात कॅमेरे आणि मोबाइल दोन्ही बंद पडतात.

न उघडणाऱ्या फाइलसाठी त्या कार्डावर आता काहीही लिहू नका, फॉरमॅट तर नाहीच. कार्ड बाजूला काढून ठेवा आणि त्याची पूर्ण नक्कल कॉम्प्युटरवर घ्या. रेकॉर्डिंग अचानक तुटलं की फाइलच्या शेवटी लिहायची अनुक्रमणिका राहून जाते. चित्र आत असतं, पण कुठे काय आहे ते प्लेअरला कळत नाही. ‘अनट्रंक’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर घेतलेली एक चांगली फाइल त्याला नमुना म्हणून दिली की तो तुटलेली जुळवायचा प्रयत्न करतो. नेहमी जमतंच असं नाही, पण नकलेवर करून बघायला काही हरकत नाही.

नवीन कार्ड आल्यावर ते पूर्ण भरून तपासा, विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आहे. बनावट कार्डं ६४ लिहून आत बरंच कमी असतात आणि ते नेमकं मुलाखतीच्या मध्यावर कळतं. एकदा चित्रीकरण झालं की दोन वेगळ्या ठिकाणी नक्कल होईपर्यंत कार्ड पुसायचं नाही.

खडूफळा

मोबाइलचा आवाज मागे पडतो त्याबद्दल. मी शाळेसाठी धड्यांचे व्हिडिओ करते, तिथे हा प्रश्न नेहमी येतो.

मोबाइल सेकंदाला ठरावीक चित्रं घेत नाही. उजेड कमी झाला, तो तापला, की २९, २७, ३० असं बदलत राहतो. संपादनाचा प्रोग्रॅम ती सगळी एकसारखी धरतो आणि चित्र-आवाज हळूहळू सुटत जातात. ‘हँडब्रेक’ हा मोफत प्रोग्रॅम घ्या, त्यात मोबाइलची फाइल टाका, फ्रेम रेट २५ आणि ‘कॉन्स्टंट’ निवडून नवी फाइल काढा. मग ती संपादनात घ्या. तुम्हाला मोबाइलमधला फक्त आवाजच हवा असेल तर तो वेगळा डब्ल्यूएव्ही म्हणून काढून घ्या.

तरीही तासाभराच्या सलग रेकॉर्डिंगला थोडा फरक पडेल, कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. आवाजाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा ओठांशी पुन्हा जुळवा. बोलणारा थांबतो तिथे कापलं तर ऐकणाऱ्याला कळत नाही. पुढच्या वेळी दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही यंत्रं थांबवून परत सुरू करा आणि कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी द्या. टाळीचा आवाज आणि हात जुळल्याचं चित्र एका रेषेत आणलं की काम झालं.

आणि पतंग, ड्रोनवर पैसे घालवायला सांगू नका हो या मुलांना. होटगी रस्त्याचा विमानतळ गावाला लागूनच आहे. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्काय नकाशा उघडून बघा आणि २०२१ चे ड्रोन नियम वाचा. त्यात यात्रेची गर्दी, खाली लहान मुलं.

उडता पतंग

ताई, पटलं. विमानतळाचा विचार केलाच नव्हता. मग पैसे कशावर घालावेत?

पार्क चौक

माझ्या हिशोबाने क्रम असा : पिनेचं ॲडाप्टर, कान झाकणारे साधे हेडफोन, चांगलं कार्ड, एक जादा बॅटरी. एवढ्यात जमलेले पैसे संपणार नाहीत. उरले तर ट्रायपॉडचं डोकं व्हिडिओचं घ्या. फोटोच्या ट्रायपॉडवर कॅमेरा फिरवला की झटके बसतात. लेन्स, रेकॉर्डर असलं काही लागलं तर एका दिवसाच्या भाड्याने घ्या, पण आदल्या संध्याकाळी ताब्यात घ्या. सकाळी घेऊन थेट जागेवर गेलात तर मेनू शोधण्यातच उजेड निघून जातो.

कानसेन

क्रमाशी सहमत, फक्त वाऱ्यासाठी माइकची केसाळ टोपी वाढवा. यात्रा उघड्यावर आहे. वारा माइकवर आपटला की जी घरघर येते ती नंतर नीट काढता येत नाही.

यात्रेचं थोडं वेगळं आहे. कारखान्यात दुसऱ्या दिवशी परत जाता येतं. अक्षता सोहळ्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नात संमती वाचन होतं, अक्षता पडतात आणि तो क्षण वर्षभर परत येत नाही. लाउडस्पीकरच्या तोंडाशी उभे राहू नका, तिथे माइकच ओरडतो आणि पातळी कितीही खाली केली तरी आवाज फाटतो. एकाने बाजूला, गर्दीच्या कडेला मोबाइलवर फक्त आवाज घेत राहावं, सलग, न हलता. बाकीच्यांनी चित्रं घ्यावीत. आवाजाचा तो एक अखंड पट्टा असला की त्यावर वेगवेगळी दृश्यं बसवता येतात.

पार्क चौक

मिरवणुकीत मानकरी पांढऱ्या बाराबंदीत असतात. जानेवारीच्या दुपारी त्या कपड्यावर ऊन पडलं की स्वयंचलित कॅमेरा रस्त्याची सावली बघून उजेड वाढवतो आणि बाराबंदी नुसती पांढरी ठिगळं होतात, घडी दिसत नाही, काही नाही. कॅमेऱ्यात झेब्रा म्हणून, उजेड जास्त झालेल्या जागी तिरप्या रेघा दाखवणारा पर्याय असतो, तो चालू करा आणि पांढऱ्या कपड्यावरच्या रेघा जाईपर्यंत उजेड कमी करा. चेहरे थोडे काळे दिसतील, ते नंतर उजळता येतात.

नंदीध्वज उंच आहेत. जवळ उभे राहिलात तर नुसती काठी येते, वरचं टोक नाही. एखाद्या घराच्या पहिल्या मजल्याची गॅलरी आधीच विचारून ठेवा. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला फोकस हाताने लांबवर पक्का करा, नाहीतर प्रत्येक झगमगाटाला कॅमेरा फोकस शोधत बसतो. हीच सवय आतापासून मागावर लावा, ताणलेल्या उभ्या धाग्यांमधूनही तो असाच भटकतो.

कंबर तलाव

थोडी प्रगती कळवतो. हँडब्रेकमधून मोबाइलची फाइल काढली, आवाज तुकड्यांनी जुळवला. ओठ जुळतात. अनट्रंकने तुटलेल्या फाइलमधला मोठा भाग परत दिला, शेवटची काही मिनिटं नाहीत. नेमकं त्याच भागात आजोबा त्यांच्या वडिलांचा हातमाग सांगत होते. मोबाइलमध्ये ते बोलणं आहे, त्यामुळे त्यावर हाताची आणि मागाची दृश्यं टाकू.

कारागिरांना भेटलो. पैसे घ्यायला ते तयार नव्हते, मालकांशी बोलून त्या दिवसाचा रोज दिला. पुढचं बोलणं पाळी सुटल्यावर त्यांच्या घरी करायचं ठरलंय. घर रस्त्यालगत आहे, रिक्षा सतत जातात. तिथे आवाजाचं काय करायचं?

कानसेन

आतल्या खोलीत बसा. पंखा बंद करा, फ्रिज तेवढ्यापुरता बंद करा आणि तुमची गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायला विसरणार नाही. आजोबांची पाठ भिंतीला, तोंड गादीच्या किंवा कपड्यांच्या बाजूला. माइक छातीवर, हनुवटीखाली वीतभर. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्या, कापलेल्या जागा भरायला तो लागतो.

धोटा

आणि मागाची दृश्यं परत घ्यायची असतील तर आमच्याकडे या. एक माग जोडणीसाठी थांबलाय, त्याच्याजवळ निवांत उभं राहता येईल. नवा ताणा (उभे धागे) लावताना एकेक धागा हाताने जोडतात, ते सहसा कुणी टिपत नाही. ट्यूबलाइट जुन्याच आहेत, शटर १/५० ठेवून या.

कंबर तलाव

येतो दादा. ॲडाप्टर आणि कार्ड मिळालंय. आधी घरी शिलाई मशीनजवळ बसून सगळी जोडणी करून बघतो, मग व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.